महाराष्ट्रातील लाल वाइन

महाराष्ट्रातील लाल वाइन म्हणजे राज्यात पिकवलेल्या काळ्या द्राक्षांचा रस सालींसह आंबवून तयार केलेले मद्य होय. भारतात तयार होणाऱ्या वाइनपैकी बहुतांश वाइन महाराष्ट्रात तयार होते. नाशिक जिल्हा हे तिचे प्रमुख केंद्र आहे. त्याखेरीज पुणे जिल्ह्यातील नारायणगाव, सोलापूर जिल्ह्यातील अकलूज आणि सांगली जिल्ह्यातील पलूस या परिसरांचाही या उद्योगाच्या इतिहासाशी संबंध आहे.

वाइनची द्राक्षे मूळची समशीतोष्ण प्रदेशातील आहेत. युरोपात ती उन्हाळ्यात वाढतात आणि शरद ऋतूत हवा थंड होत असताना पिकतात. महाराष्ट्रात हा क्रम उलटा आहे. येथे घड हिवाळ्यात वाढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पिकतात. येथील लाल वाइनची चव, तिच्यासाठी निवडलेल्या जाती आणि द्राक्ष बागायतदाराला पत्करावी लागणारी जोखीम या तिन्ही गोष्टी या उलट्या क्रमाशी जोडलेल्या आहेत.

इतिहास

प्राचीन काळ

दख्खनचा इटलीतील वाइनशी परिचय जुना आहे. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रिअन सी’ या ग्रीक प्रवासवर्णनात बारिगाझा (भडोच) बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइनचा उल्लेख असून त्यात इटलीच्या वाइनला प्रथम स्थान दिले आहे. याच ग्रंथात पैठण आणि तगर (तेर) या अंतर्भागातील बाजारपेठांची नोंद आहे. नेवासे आणि घारापुरी येथे अँफोरा प्रकारच्या आयात कुंभांचे तुकडे सापडले आहेत. अशा कुंभांतून तेल, वाइन इत्यादी द्रव पदार्थांची वाहतूक होत असे. ही वाइन आयात केलेली होती. तिच्यापासून स्थानिक वाइननिर्मितीची अखंड परंपरा निर्माण झाली नाही. द्राक्षांचा औषधी उपयोग मात्र आयुर्वेदातील द्राक्षासवाच्या रूपाने टिकून राहिला.

आधुनिक काळ

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मुळे राज्यात मद्यनिर्मितीला फारसा वाव नव्हता. पुढे दारूबंदी टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. त्याच काळात नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे जिल्ह्यांत थॉमसन सीडलेससारख्या खाण्याच्या द्राक्षांची लागवड वाढली. बागायतदारांनी महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाच्या माध्यमातून छाटणी, खते व रोगनियंत्रण यांचे ज्ञान एकमेकांपर्यंत पोहोचवले. वाइन उद्योग याच अनुभवाच्या पायावर उभा राहिला.

पुणे-नाशिक महामार्गावर चाकण-निघोजे औद्योगिक पट्टा मागे टाकून उत्तरेस गेल्यावर जुन्नर तालुक्यातील नारायणगाव लागते. येथे १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या सहकार्याने शातो इंडाज ही वायनरी उभारली. तिची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळती वाइन परदेशातही विकली गेली. महाराष्ट्रात जागतिक बाजारात विकण्याजोगी वाइन तयार होऊ शकते, हे या उपक्रमातून दिसून आले.

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुला विनियार्ड्सची स्थापना केली. सुलाच्या पहिल्या वाइन सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या पांढऱ्या जातींच्या होत्या. लाल वाइन त्यानंतर आल्या. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. त्यानुसार करसवलती देण्यात आल्या आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क उभारण्यात आले. त्यानंतरच्या काही वर्षांत वायनऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली.

या वाढीला २००८ नंतर खीळ बसली. जागतिक मंदी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर झालेला दहशतवादी हल्ला यांमुळे पर्यटन व हॉटेल व्यवसाय मंदावला आणि वाइनची मागणी घटली. वायनऱ्यांकडे साठा पडून राहिला. अनेक लहान वायनऱ्या बंद पडल्या. मोठ्या विस्तारानंतर कर्जात अडकलेली इंडाज कंपनीही यातून सावरू शकली नाही. पुढे उद्योग पुन्हा स्थिरावला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुलाच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली.

हवामान आणि छाटणी

नाशिक परिसर उत्तर अक्षांश २०° च्या आसपास, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इटलीतील टस्कनी प्रांत ४३° च्या आसपास आहे. टस्कनीत कडक हिवाळ्यात वेलीची पाने गळतात आणि वेल काही महिने सुप्तावस्थेत जाते. महाराष्ट्रात वेलीला अशी विश्रांती मिळत नाही. तिला मोकळे सोडले तर ती वर्षभर वाढत राहते आणि पावसाळ्यात फळ धरल्यास ते सडते. त्यामुळे येथे वेलीचे वर्ष बागायतदार कात्रीने ठरवतो.

वर्षातून दोनदा छाटणी केली जाते. एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीत जुन्या काड्या काढून टाकतात. तिच्यानंतर येणाऱ्या नव्या काड्यांमधील डोळ्यांत उन्हाळ्यातच पुढील घडांची निर्मिती होते. पावसाळा संपत आल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी केली जाते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावण्याची पद्धत आहे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत फुलोरा व घडांची वाढ होते आणि जानेवारी ते मार्च या काळात वाइन-द्राक्षांची तोडणी होते. दोनदा छाटणी होऊनही पीक एकदाच घेतले जाते.

या वेळापत्रकामुळे द्राक्ष पावसाळ्यातून वाचते, मात्र वाढत्या उष्णतेच्या काळात पिकते. फेब्रुवारी सरताना दिवसाचे तापमान चढू लागते. उष्णतेत द्राक्षातील साखर लवकर वाढते आणि मॅलिक आम्ल लवकर घटते. साल व बी यांतील टॅनिन मात्र आपल्या गतीने पक्व होते. टॅनिनसाठी थांबावे तर आम्लता जाते आणि आम्लतेसाठी घाई करावी तर वाइन तुरट व हिरवट लागते. टस्कनीत सप्टेंबर-ऑक्टोबरमधील थंड होत जाणारे दिवस उत्पादकाला थांबण्याची मुभा देतात. येथे तोडणीची योग्य वेळ थोड्याच दिवसांची असते. त्यामुळे रात्री किंवा पहाटे तोडणी करून घड थंड असतानाच वायनरीत पोहोचवणे महत्त्वाचे ठरते.

द्राक्षांच्या जाती

लाल वाइनसाठी शिराझ आणि काबर्ने सोव्हिन्याँ या जाती सर्वाधिक परिचित आहेत. मर्लो, झिनफँडेल, मालबेक व टेंप्रानियो यांचीही लागवड झाली आहे. सुरुवातीच्या जाती मुख्यतः फ्रान्समधून आल्या. त्यांतील शिराझ उष्णता चांगली सहन करते.

नंतर उष्ण व कोरड्या प्रदेशांतील इटालियन जातींकडेही लक्ष गेले. निफाड परिसरातील रेव्हेइलो या वायनरीने सिसिली बेटावरील नेरो दाव्होला ही लाल आणि ग्रिलो ही पांढरी जात लावली. अकलूज परिसरात २००७ मध्ये इटलीतील सेक्की, दिल्लीतील सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील या तीन कुटुंबांतील भावांनी एकत्र येऊन फ्रातेल्ली वाइन्सची स्थापना केली. ‘फ्रातेल्ली’ या इटालियन शब्दाचा अर्थ ‘भाऊ’ असा होतो. टस्कनीतील वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली येथे सँजिओव्हेसे ही जात लावण्यात आली. ‘सेत्ते’ (सात) ही या वायनरीची प्रमुख लाल वाइन सँजिओव्हेसे आणि काबर्ने सोव्हिन्याँ यांच्या मिश्रणातून तयार होते.

सँजिओव्हेसे ही टस्कनीतील किआंती वाइनची मुख्य जात आहे. फिकट माणकासारखा रंग, आंबट चेरीची आठवण करून देणारी चव आणि ठळक आम्लता ही तिची लक्षणे होत. उष्णतेमुळे आम्लता घटणाऱ्या प्रदेशात मुळातच अधिक आम्लता असलेली जात उपयोगी पडू शकते. अकलूजचा परिसर पर्जन्यछायेतील असून हवा कोरडी असते. तिथे भुरी व केवडा या रोगांना अनुकूल ओलावा तुलनेने कमी असतो, मात्र बाग ठिबक सिंचनावर अवलंबून राहते.

निर्मिती आणि स्वरूप

द्राक्षाचा गर सहसा रंगहीन असतो. लाल वाइनचा रंग सालींतून येतो. देठ काढून फोडलेली द्राक्षे सालींसह टाकीत भरतात आणि यीस्टच्या साहाय्याने आंबवतात. वर तरंगणाऱ्या सालींच्या थरावर खालचा रस पुन्हापुन्हा सोडल्याने रंग व टॅनिन रसात उतरतात. त्यानंतर चोथा दाबून वाइन वेगळी करतात. दुसऱ्या टप्प्यात जीवाणूंमुळे तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होते. काही वाइन नंतर ओक लाकडाच्या पिंपांत मुरवल्या जातात. रसाची आम्लता कमी असल्यास टार्टारिक आम्ल घालून ती संतुलित केली जाते. उष्ण प्रदेशांत ही पद्धत सर्वत्र रूढ आहे.

महाराष्ट्रातील लाल वाइन साधारणपणे गडद रंगाची, पिकलेल्या फळांच्या चवीची आणि १३ ते १४ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेली असते. शिराझमध्ये काळ्या मिरीसारखा मसालेदार गंध आढळतो. बहुतेक वाइन तयार झाल्यावर थोड्या वर्षांतच पिण्यासाठी असतात. साठवणुकीतील उष्णता हा वाइनचा मोठा शत्रू आहे. थंड तळघरे दुर्मीळ असलेल्या प्रदेशात वाहतूक व दुकानांतील तापमानाचाही तिच्या गुणवत्तेवर परिणाम होतो.

बागायतदार आणि करारशेती

खाण्याच्या आणि वाइनच्या द्राक्षांचे व्यवहार भिन्न आहेत. खाण्याच्या द्राक्षात मोठा, बिनबियांचा, पातळ सालीचा मणी हवा असतो. वाइनसाठी लहान, जाड सालीचा, बिया असलेला मणी चालतो आणि गुणवत्तेसाठी एकरी उत्पादन मर्यादित ठेवावे लागते. खाण्याची द्राक्षे बाजारात, निर्यातीत किंवा बेदाण्यासाठी विकता येतात. शिराझ वा काबर्नेच्या घडांना वायनरीखेरीज ग्राहक जवळजवळ नाही. म्हणून वायनऱ्या बागायतदारांशी अनेक वर्षांचे करार करतात, आणि दर ठरवताना द्राक्षातील साखरेचे प्रमाण (ब्रिक्स) पाहिले जाते.

कराराने भावातील चढउतारापासून संरक्षण मिळते, पण बागायतदार एकाच खरेदीदारावर विसंबून राहतो. या व्यवस्थेतील धोका २००८ नंतरच्या मंदीत उघड झाला. मागणी घटल्यावर अनेकांच्या द्राक्षांना उठाव राहिला नाही आणि काहींनी वाइन-द्राक्षांच्या बागा काढून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. वेल फळावर येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. त्यामुळे असा बदल खर्चिक ठरतो. अवकाळी पाऊस आणि गारपीट यांची जोखीम याशिवाय असतेच.

भौगोलिक ओळख आणि नियमन

‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला २०१०-११ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. इटलीतील अशा व्यवस्थेला मोठा इतिहास आहे. टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो दे मेदिची यांनी १७१६ मध्ये किआंतीसह चार क्षेत्रांच्या सीमा ठरवून दिल्या. १८७२ मध्ये बेत्तिनो रिकासोली यांनी सँजिओव्हेसेला प्रमुख स्थान देणारे मिश्रण मांडले. आज किआंती क्लासिको या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनमध्ये किमान ८० टक्के सँजिओव्हेसे असणे बंधनकारक आहे, आणि २००६ पासून तिच्यात पांढरी द्राक्षे वापरता येत नाहीत. महाराष्ट्रात एखाद्या परिसराचे नाव एका ठरावीक जातीशी अशा रीतीने बांधलेले नाही. कोणती जात कोठे लावावी, याचा शोध येथे चालू आहे. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात द्राक्षांच्या जाती, खुंट आणि लागवडपद्धती यांवर संशोधन केले जाते.

वाइनच्या विक्रीचा प्रश्न राज्यात वादग्रस्त राहिला आहे. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत व सुपरमार्केटमध्ये वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष उत्पादकांना त्याचा लाभ होईल, अशी शासनाची भूमिका होती. या निर्णयामुळे व्यसनाधीनता वाढेल, असे म्हणत अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी त्याला विरोध केला. त्यानंतर शासनाने नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या.