रक्तातलं लोह आणि 200 टेस्लाचा चुंबक

नरडाण्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेला निघालं, की तापी ओलांडून शिरपूर येतं आणि पुढे सातपुडा. या पट्ट्यातल्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ऑक्सिजन सोडला की रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात. काही मुलांमध्ये मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्याच आतून चिंचोळ्या होत जातात आणि खेळायच्या वयात पक्षाघात गाठतो.

अशा मुलाला एमआरआय सांगितला जातो. भोवतीचा चुंबक 1.5 किंवा 3 टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या निदान तीस हजार पट. रक्तात लोह असतं हे शाळेत शिकलेल्या आईबापांना धास्ती वाटली तर नवल नाही.

रक्तातल्या लोहावर चुंबकाचा काय परिणाम होतो, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियल यांनी 1936 मध्येच तपासलं होतं. हे लोह हिमोग्लोबिनमध्ये असतं. ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर ढकललं जातं, ऑक्सिजन सोडलेलं किंचित ओढलं जातं. दोन्ही परिणाम अतिशय क्षीण. रक्तातलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. रक्ताभिसरण सुधारण्याच्या नावाखाली चुंबकाचे पट्टे आणि गाद्या विकणारे नेमकं हेच सांगत नाहीत. याच पॉलिंगनी 1949 मध्ये सहकाऱ्यांसह सिकलसेलचं मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचं दाखवलं. पुढे 1965 मध्ये माकिओ मुरायामा यांना विळ्याच्या आकाराच्या पेशी चुंबकीय क्षेत्राला काटकोनात उभ्या राहताना दिसल्या. पण ते प्रयोगशाळेतलं निरीक्षण होतं. वाहत्या रक्ताचे थर एकमेकांवरून घसरताना पेशींना सतत फिरवत राहतात आणि सिकलसेलच्या रुग्णांचे एमआरआय आज नेहमी केले जातात.

चुंबकाची दुसरी पकड क्षारांवर असते. खारट रक्त विजेचं वाहक आहे आणि वाहक द्रव चुंबकीय क्षेत्रातून वाहू लागला की त्यात वीज निर्माण होऊन प्रवाहाला थोडा अटकाव होतो. डेन्मार्कच्या युलियस हार्टमन यांनी 1937 मध्ये पाऱ्यावर हे अभ्यासलं. चुंबकीय अटकाव आणि द्रवाचं स्वतःचं घर्षण यांची तुलना करणारा अंक त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अरुंद धमनीवरच्या गणिती शोधनिबंधांत हा अंक सर्रास 2, 4, 6 असा घेतला जातो आणि आलेखात प्रवाह झपाट्याने मंदावतो. गणित बिनचूक असतं. मात्र मेंदूकडे जाणाऱ्या 3 मिलिमीटर व्यासाच्या धमनीसाठी, रक्ताची नेहमीची वाहकता आणि घट्टपणा धरून, 1.5 टेस्लाला हा अंक जेमतेम 0.03 येतो. तो 4 व्हायला सुमारे 200 टेस्लाचा चुंबक लागेल! अटकाव या अंकाच्या वर्गानुसार बदलतो, म्हणून प्रत्यक्षात तो घर्षणाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी भरतो. रुंद महाधमनीत परिणाम मोठा असतो आणि तो दिसतोही: यंत्रात असताना काढलेल्या ईसीजीत टी-लहर उगीचच फुगते. आजार नसतो, वाहत्या रक्तातल्या विजेची ती खूण असते.

खरा घात करतो तो चिंचोळेपणा. झां पॉझय या फ्रेंच डॉक्टरने 1840 च्या सुमारास बारीक काचनळ्यांत मोजून दाखवलं, की दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. धमनी काचेची नाही, ही आणखी एक अडचण. ती ठोक्यागणिक फुगते आणि आकसते. दाबाची लाट तरुण महाधमनीतून सेकंदाला पाच-सहा मीटरने धावते, वयानुसार भिंत ताठरली की दहाच्याही वर जाते. रक्तप्रवाहाच्या गणिती प्रतिमानात ही लवचीकता घातली नाही, तर अरुंद जागेपाशी भिंतीवर पडणारा ताण चुकीचा निघतो.

अरुंद जागेतून रक्त वेगाने निसटतं आणि तो वेग चुंबकाविना, कानशिलावर डॉपलरची तपासनळी टेकवून मोजता येतो. 1998 च्या अमेरिकी ‘स्टॉप’ चाचणीत हा सरासरी वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा अधिक असलेल्या सिकलसेलच्या मुलांना नियमित रक्त दिलं, तेव्हा पक्षाघाताचा धोका 92 टक्क्यांनी घटला. पण डोंगरातल्या पाड्यावरून दर महिन्याला रक्त घ्यायला येणं फार कठीण. त्यामुळे 2016 ची ‘ट्विच’ चाचणी इथे जास्त मोलाची: किमान वर्षभर रक्त घेतलेल्या आणि धमन्या फार बिघडल्या नसलेल्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया या औषधावर आणलं, तरी धमनीतला वेग आटोक्यात राहिला.