बुधवार पेठेची दाद आणि विधिमंडळाचे दप्तर

पुण्याच्या मध्यवस्तीतील कोणत्याही आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात सकाळच्या प्रहरी जी माणसे बाकांवर बसलेली असतात त्यांच्या हातांतील अर्ज ओळीने वाचून पाहिले, तर कोणाच्या वाड्यात वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, कोणाची शिधापत्रिका विभक्त व्हायची राहिली आहे, कोणाच्या वडिलांना धर्मादाय रुग्णालयात निर्धनांसाठी राखलेली खाट मिळत नाही, तर कोणाच्या दारापुढचे ड्रेनेज महिनाभर तुंबलेले आहे, अशाच तक्रारींनी बहुतेक कागद भरलेले आढळतील. आणि राज्याचे कायदे करण्यासाठी व राज्याच्या खजिन्यावर देखरेख ठेवण्यासाठी निवडलेला मनुष्य आपला दिवस या कागदांवर शिफारशीची सही करण्यात घालवतो, हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याविषयी कोणी विचार करीत नाही. या तक्रारी क्षुल्लक आहेत असे माझे म्हणणे मुळीच नाही. ज्याच्या घरी दोन दिवस पाणी नाही त्याला राज्यघटनेची सातवी अनुसूची ऐकवणे हा निर्दयपणा होईल. परंतु बुधवार पेठेसारख्या वस्तीची जी दुखणी पिढ्यान्‌पिढ्या बरी झालेली नाहीत, त्यांतील बहुतेकांचे मूळ मुंबईच्या विधानभवनात संमत झालेल्या कायद्यांत व नियमांत आहे, आणि म्हणून आमदाराजवळ मागायची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे त्याने सभागृहात उभे राहून विचारलेला प्रश्न, ही गोष्ट मला येथे सविस्तर मांडावयाची आहे.

पेशवाईत या पेठेला गाऱ्हाणे सांगण्यासाठी दूर जावे लागत नसे. कोतवालाची चावडी पेठेतच होती. घरांच्या खरेदीविक्रीची नोंद, बाजारभाव, शेजाऱ्यांचे तंटे, रात्रीचा बंदोबस्त, असा सारा कारभार त्या एका दप्तरात चाले आणि दाद मिळो वा न मिळो, ती कोठे मागायची याबद्दल रयतेच्या मनात संदेह नसे. आज त्याच चावडीच्या परिसरात उभ्या असलेल्या नागरिकाचे पाणी महापालिकेकडे, शिधापत्रिका अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याकडे, उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडे, बंदोबस्त फरासखाना पोलीस ठाण्याकडे आणि भाडेकरारातील तंटा लघुवाद न्यायालयाकडे आहे. सत्तेची ही विभागणी सर्वस्वी योग्य आहे; घाशीराम कोतवालाच्या कारकिर्दीचा शेवट कसा झाला हे पुणेकरांना सांगायला नको. पण या विभागणीमुळे सामान्य माणूस भांबावतो, आणि सर्व दारे ज्याला ठाऊक आहेत असा एखादा मनुष्य शोधू लागतो. हा मनुष्य म्हणजे आपला आमदार, अशी त्याची समजूत झालेली आहे.

ती समजूत दृढ होण्यास कसबा पेठ मतदारसंघाचा इतिहासही कारण झाला आहे. बुधवार पेठ ज्यात मोडते त्या या मतदारसंघातून गिरीश बापट 1995 पासून लागोपाठ 5 वेळा निवडून आले. त्यांच्यानंतर 2019 मध्ये मुक्ता टिळक, त्यांच्या निधनानंतर फेब्रुवारी 2023 च्या पोटनिवडणुकीत रवींद्र धंगेकर, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये हेमंत रासने. हे चौघेही पुणे महापालिकेच्या सभागृहातून पुढे आलेले. मुक्ता टिळक तर शहराच्या महापौर होत्या आणि रासने स्थायी समितीचे अध्यक्ष. ज्याने उमेदीची वर्षे गल्लीतील दिवे व नळ सांभाळण्यात घालवली, त्याच्याकडे लोक आमदार झाल्यावरही तेच काम घेऊन येणार, आणि तोही ते नाकारू शकणार नाही, हे स्वाभाविकच आहे. त्यातच मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांना स्वराज्य देण्याचे वचन दिले होते, ते या काळात कागदावरच राहिले, आणि नगरसेवकाच्या दारातील सारी गर्दी आमदाराच्या दारात आली.

आमदाराच्या निधीविषयीही पुष्कळ गैरसमज आहेत. स्थानिक विकास कार्यक्रमाखाली महाराष्ट्रातील प्रत्येक आमदाराच्या वाट्याला 2022 पासून वर्षाला 5 कोटी रुपये येतात; परंतु ही रक्कम त्याच्या हाती पडत नाही. तो कामे सुचवतो, जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय ती तपासून प्रशासकीय मान्यता देते आणि शासकीय यंत्रणा ती पार पाडते. सार्वजनिक रस्ता, अभ्यासिका, व्यायामशाळा यांवर हा पैसा खर्च करता येतो. खाजगी मालकीच्या वाड्याची पडू आलेली भिंत सावरण्यासाठी करता येत नाही. आणि बुधवार पेठेत पडू आलेली आहे ती नेमकी हीच भिंत.

या वाड्यांची हकीगत थोडी तपशिलाने सांगितली पाहिजे. लक्ष्मी रस्त्याच्या मागील बाजूस शिरले की दर्शनी दुकानांच्या आड लाकडी चौकटींचे, विटामातीच्या भिंतींचे वाडे अजून उभे आहेत. एका मालकाच्या वारसांची संख्या वाढत वाढत परगावी व परदेशी गेलेली. आत तीनचार पिढ्या राहिलेली भाडेकरू कुटुंबे. भाडे असे की त्यातून कौलेही बदलता येऊ नयेत. 31 मार्च 2000 पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने मालकाला वर्षाला 4 टक्के वाढ घेण्याची मुभा दिली, पण मूळ रकमाच इतक्या अल्प की त्या वाढीने डागडुजी होत नाही. भाडेकरू घर सोडत नाही, कारण ते सोडले तर मध्यवस्तीत त्याला दुसरे मिळणार नाही. मालक दुरुस्ती करीत नाही, कारण त्याला ती परवडत नाही. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. मग पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका कलम 264 अन्वये धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवते, आणि त्या नोटिशीच्या खाली माणसे आणखी एक पावसाळा काढतात.

मुंबईत अशाच जुन्या इमारतींसाठी उपकर बसवून, म्हाडाच्या अखत्यारीत दुरुस्ती व पुनर्रचनेचे स्वतंत्र मंडळ उभे केलेले आहे. पुण्याच्या वाड्यांना असे मंडळ नाही. नवी इमारत बांधू म्हटले, तर डिसेंबर 2020 मध्ये आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत उंच इमारतीच्या बाजूंना मोकळी जागा सोडण्याचे जे बंधन आहे, ते खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या आणि अरुंद दर्शनी बाजूच्या या भूखंडांना पाळणे कठीण जाते; बाजूची जागा सोडली की सर्व भाडेकरूंना पुरतील इतक्या खोल्याच निघत नाहीत. भाडे नियंत्रण कायदा विधिमंडळाचा. म्हाडाचा कायदा विधिमंडळाचा. नियमावली नगरविकास खात्याची, आणि त्या खात्याचा मंत्री विधिमंडळाला उत्तरदायी. क्षेत्रीय कार्यालयातील अभियंत्याने कितीही मनापासून ठरवले तरी यांतील एक स्वल्पविरामही त्याला हलवता येणार नाही. अशा वाड्यातील भाडेकरू जेव्हा आमदाराकडे जाऊन नोटिशीला महिनाभर स्थगिती मिळवून द्या अशी विनंती करतो, तेव्हा तो आपल्या प्रतिनिधीकडून फार थोडे मागतो.

सभागृहातील आग्रहाने काय साधते, याचे उदाहरण पुणेकरांच्या ताज्या स्मरणात आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात 40 टक्के सवलत देण्याचा ठराव पुणे महापालिकेने 1970 मध्ये केला होता. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाले आणि 2018 मध्ये राज्य शासनाने ही सवलत रद्द केली. पुढे अनेकांच्या हाती एकाएकी वाढीव रकमेची बिले पडली. शहरातील नगरसेवकांना याबाबत ठराव करण्यापलीकडे काही करता येईना, कारण महापालिकेचा ठराव विखंडित करण्याचा अधिकार कायद्यानेच शासनाला दिलेला आहे. 2023 च्या कसब्याच्या पोटनिवडणुकीत हा विषय घरोघर बोलला गेला, 1995 पासून एका पक्षाकडे असलेली जागा सुमारे 11 हजार मतांनी दुसऱ्याकडे गेली, मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात पुण्याच्या आमदारांनी तो लावून धरला आणि एप्रिल 2023 मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पूर्ववत केली. कोणत्या पक्षाचे किती श्रेय, हा हिशेब मी मांडत नाही. मला एवढेच दिसते की पाच वर्षांत क्षेत्रीय कार्यालयात दिलेल्या असंख्य अर्जांनी जे झाले नाही ते विषय विधानभवनात गेल्यावर काही आठवड्यांत झाले. त्यानंतर ‘पीटी-3’ हा अर्ज पुराव्यांसह भरून देण्याचे काम उरले, आणि तेथे मात्र आमदाराच्या कार्यालयातील मदतनीस वृद्ध मिळकतदारांना खरोखर उपयोगी पडू शकतो.

विधिमंडळात प्रश्न विचारण्याच्या रीती अनेक आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तातडीच्या सार्वजनिक बाबीसाठी लक्षवेधी सूचना. उत्तर अपुरे वाटल्यास अर्धा तास चर्चा. मंत्र्याने दिलेला शब्द पाळला गेला की नाही हे पाहण्यासाठी आश्वासन समिती असते, हे तर फारच थोड्यांना ठाऊक आहे. या सर्वांत उपप्रश्नाचे महत्त्व मला विशेष वाटते. लोकमान्य टिळक 1895 मध्ये आणि गोपाळ कृष्ण गोखले 1899 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले, तेव्हा 1892 च्या कायद्याने सभासदाला प्रश्न विचारता येत असे, पण मिळालेल्या उत्तरावर पुन्हा प्रश्न करण्याची मोकळीक नव्हती. ती 1909 च्या सुधारणांनी आली. सरकारने टाळाटाळीचे उत्तर वाचून दाखवावे आणि गोखल्यांसारख्या आकड्यांच्या अभ्यासकाने निरुपायाने खाली बसावे, अशी ती व्यवस्था होती. 1901 मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीविरुद्ध बोलून उपयोग होत नाही असे पाहून फेरोजशहा मेहता आणि गोखले यांना सभात्याग करावा लागला. ज्या अधिकाराचा त्यांना अभाव होता तो आज बुधवार पेठेच्या प्रतिनिधीला सहज उपलब्ध आहे, आणि तो किती वेळा, कोणत्या विषयावर वापरला गेला, हे पाहणे हे मतदाराचे कर्तव्य आहे असे मी मानतो. याच पदाच्या जबाबदारीची जाणीव मुक्ता टिळक यांनी जून 2022 मध्ये दाखवली होती. दुर्धर आजाराने ग्रासलेल्या असताना राज्यसभा व विधान परिषदेच्या निवडणुकीत मत देण्यासाठी त्या रुग्णवाहिकेतून मुंबईस गेल्या.

आमदाराच्या अधिकाराची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शनिवारवाडा हे केंद्रीय संरक्षित स्मारक असल्यामुळे त्याच्या भोवतीच्या 100 मीटरांत नवे बांधकाम करण्यास आणि त्यापुढील 200 मीटरांत परवानगीशिवाय काहीही करण्यास 2010 च्या कायद्याने प्रतिबंध आहे. जवळपासच्या जुन्या घरांची यामुळे मोठी कोंडी झाली आहे, परंतु हा कायदा संसदेचा आहे आणि त्यात बदल मागायचा तर तो खासदारामार्फत दिल्लीत मागावा लागेल. निवडणुकीच्या सभेत याबाबत कोणी सरसकट आश्वासन देऊ लागला, तर त्याला हा फरक विचारावा.

आता ज्या विषयाकडे पेठेविषयी लिहिणारे बहुधा पाठ फिरवतात त्याविषयी. भिडे वाड्यात 1 जानेवारी 1848 रोजी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली, ती हीच पेठ. आणि त्या जागेपासून थोड्याच अंतरावर देहविक्रय करून जगणाऱ्या हजारो स्त्रियांची वस्ती आहे. त्यांतील पुष्कळ कर्नाटक, बंगाल, नेपाळ अशा दूरच्या मुलुखांतून आलेल्या किंवा आणलेल्या. अनेकींच्या जवळ जन्माचा दाखला नाही, घरमालकाच्या नावाची पावती नाही आणि म्हणून मतदारयादीत नावही नाही. टाळेबंदीच्या काळात त्यांची उपासमार झाली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये ओळखपत्राचा आग्रह न धरता त्यांना कोरडा शिधा द्यावा असा आदेश दिला. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर ते डिसेंबर अशा 3 महिन्यांसाठी दरमहा 5,000 रुपये आणि ज्यांची मुले शाळेत जातात त्यांना आणखी 2,500 रुपये मंजूर केले. मे 2022 मध्ये न्यायालयाने पुढे जाऊन, राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांसारख्या अधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर त्यांना आधार कार्ड द्यावे, आणि त्यावर त्यांच्या व्यवसायाची कोणतीही खूण असू नये, असे बजावले.

न्यायालयाचा आदेश झाला म्हणजे शिधापत्रिका हातात पडली असे होत नाही. आदेश आणि पुरवठा निरीक्षकाचे टेबल यांच्यामध्ये खात्याचे परिपत्रक, नमुना अर्ज, प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याची नेमणूक असे अनेक टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्यावर कागद वर्षभर पडून राहू शकतो. ज्यांच्याजवळ मत नाही त्यांच्यासाठी हा कागद हलवण्यात कोणाचाही राजकीय लाभ नाही. परंतु आमदार हा आपल्याला मते देणाऱ्यांचाच नव्हे, तर मतदारसंघाच्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक जिवाचा प्रतिनिधी असतो, आणि या पेठेतील अत्यंत निराधार माणसाचे नाव सभागृहाच्या दप्तरात कोणी नेत असेल तर तो तोच. प्रमाणपत्रावर आधार कार्ड किती जणींना मिळाले, शिधापत्रिका किती जणींच्या झाल्या, त्यांच्या मुलांच्या वसतिगृहांसाठी महिला व बालविकास खात्याने चालू वर्षात किती तरतूद केली आणि त्यातील किती खर्ची पडली, हे चार प्रश्न कोणत्याही अधिवेशनात विचारता येतील. उत्तर द्यायचे तर खात्याला प्रथम आकडे गोळा करावे लागतात, आणि आकडे गोळा करायला निघालेला अधिकारी त्या गल्लीत पाऊल टाकतो.

अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशने मुंबईत भरतात, हिवाळी नागपुरास. प्रश्नांच्या सूचना मात्र त्याआधी पुष्कळ दिवस द्याव्या लागतात. तेव्हा वाड्यांतील भाडेकरूंनी, तुळशीबागेतील व्यापाऱ्यांनी आणि या स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या संस्थांनी, कायद्याचे कोणते कलम आड येते, त्याने किती कुटुंबे बाधित होतात आणि बदल नेमका कोणता हवा, एवढे एका कागदावर मुद्देसूद लिहून तो अधिवेशनाच्या दोन महिने अगोदर आपल्या आमदाराच्या हाती द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि अधिवेशन संपल्यावर पुन्हा त्याच बाकावर जाऊन त्या कागदाचे काय झाले ते विचारावे.