आनंद पटवर्धन : चित्रणानंतर सुरू होणारी कारकीर्द



‘डॉक्युमेंटरी’ या प्रकारासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत. ‘माहितीपट’ हा शब्द आज अधिक प्रचलित आहे. ‘अनुबोधपट’ हा त्यामानाने जुना. पहिल्या शब्दातून माहिती पुरवणे एवढेच काम सूचित होते. दुसऱ्यात मात्र काहीतरी समजून घेण्याची, पाहता पाहता जाणते होण्याची अपेक्षा आहे. आनंद पटवर्धन यांच्या चित्रपटांचा विचार करताना हा दुसरा शब्द अधिक उपयोगी पडतो. त्यांच्या कारकिर्दीकडे आपण एका प्रश्नाच्या आधारे पाहणार आहोत : ज्या माणसाचे चित्रण केले, त्याच्याशी असलेले दिग्दर्शकाचे नाते कॅमेरा बंद झाल्यावर संपते काय?

पटवर्धन यांचा जन्म १९५० साली मुंबईत झाला. स्वातंत्र्यलढ्यातील समाजवादी नेते अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन हे त्यांचे काका. मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्याची पदवी घेतल्यावर ते अमेरिकेत समाजशास्त्र शिकण्यासाठी गेले आणि तेथे व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातील चळवळीशी जोडले गेले. परतल्यावर मध्य प्रदेशातील ‘किशोर भारती’ या ग्रामीण शिक्षण प्रकल्पात त्यांनी काम केले. १९७४ मध्ये बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांचे आंदोलन उभे राहिले, तेव्हा ते पाटण्याला पोहोचले. हाती होता तो उसना मिळालेला सुपर-८ कॅमेरा, म्हणजे घरगुती चित्रणाचे साधन. त्यावर टिपलेली दृश्ये पडद्यावर दाखवून ती पुन्हा १६ मि.मी. फिल्मवर चित्रित करण्यात आली. ‘क्रांती की तरंगें’ या पहिल्या महत्त्वाच्या अनुबोधपटातील प्रतिमा खरखरीत, दाणेदार दिसतात, त्याचे हे एक कारण. आणीबाणी लागू झाल्यावर तो उघडपणे दाखवणे अशक्य झाले. तेव्हा प्रतीचे तुकडे करून ते निरनिराळ्या मार्गांनी परदेशी पाठवावे लागले व तेथे पुन्हा जोडले गेले. पुढे राजकीय कैद्यांवरील ‘जमीर के बंदी’ (१९७८) आला.

या कारकिर्दीला निर्णायक वळण मिळाले ते ‘हमारा शहर’ (१९८५) या चित्रपटाने. मुंबईतील झोपडपट्ट्या पाडण्याची मोहीम हा त्याचा विषय. त्यातील एक प्रसंग आपण आवर्जून लक्षात ठेवावा. पदपथावर राहणारी एक स्त्री कॅमेऱ्यासमोर चिडून बोलू लागते. तुम्ही लोक येता, आमचे चित्र काढून नेता, त्याने आमच्या जगण्यात काय फरक पडणार, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. हा प्रसंग संकलनात गाळता आला असता. पटवर्धनांनी तो ठेवला. दिग्दर्शकावरचा आरोप दिग्दर्शकाच्याच कृतीत नोंदला गेला. आत्मकथनांच्या अभ्यासात आपण लेखकाच्या प्रामाणिकपणाची जी चर्चा करतो, तिच्याशी हा प्रसंग ताडून पाहता येईल.

त्या स्त्रीच्या प्रश्नाला चित्रपटात उत्तर नाही. मात्र १९८६ मध्ये नरिमन पॉइंटजवळची संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली, तेव्हा रहिवाशांच्या पुनर्वसनासाठी झालेल्या उपोषणात शबाना आझमी यांच्यासह पटवर्धनही सहभागी होते. चित्रपटाबाहेर दिलेले हे उत्तर म्हणता येईल.

शाहिराचा आवाज

‘हमारा शहर’मध्ये एक तरुण गायक दिसतो : विलास घोगरे. मुलुंडच्या झोपडवस्तीत राहणारा हा शाहीर डाव्या सांस्कृतिक चळवळीत गात असे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे उघडकीस आले. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. त्या वेळी त्यांच्या डोक्याला निळी पट्टी बांधलेली होती.

आयुष्यभर लाल झेंड्याखाली गाणाऱ्या माणसाने अखेरीस निळा रंग का निवडला? या प्रश्नाचा शोध घेत पटवर्धन यांनी चौदा वर्षे चित्रण केले. त्यातून ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा तीन तासांहून मोठा चित्रपट तयार झाला. शीर्षकातील दोन शब्द महाराष्ट्रात फार क्वचित सलगपणे उच्चारले गेले आहेत, हेच त्याचे मर्म. चित्रपट दोन पातळ्यांवर चालतो. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, हा पोलिसांचा दावा तो दृश्य पुराव्यांच्या आधारे तपासतो. (चौकशी आयोगानेही हा गोळीबार असमर्थनीय ठरवला होता, आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली, पुढे त्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला.) दुसरीकडे तो वस्त्यावस्त्यांतील भीमगीते, जलसे, कव्वाल्या आणि पुण्याच्या ‘कबीर कला मंच’ची गाणी साठवत जातो. दलित साहित्याच्या अभ्यासात आपण छापील शब्दावर भर देतो. या परंपरेचा मोठा भाग गळ्यातून गळ्यात गेला आहे, याची जाणीव हा चित्रपट करून देतो.

तंत्राच्या दृष्टीने पाहा : १९८५ मध्ये घोगरे यांचे गाणे चित्रित झाले, तेव्हा ते झोपडपट्टीवरील चित्रपटाचा एक भाग होते. २०११ मध्ये तेच दृश्य पुन्हा येते, तेव्हा गायक हयात नाही. चित्रफीत तीच आहे, एकही चौकट बदललेली नाही. अर्थ मात्र पूर्ण बदलला आहे. मला स्वतःला पटवर्धन यांच्या सर्व कामातील ही सर्वांत प्रभावी जागा वाटते.

साहित्याशी थेट संबंध असलेली आणखी एक लहानशी कृती येथे नोंदवायला हवी. ‘वुई आर नॉट युअर मंकीज’ (१९९६) या काही मिनिटांच्या गीतपटात त्यांच्यासमवेत ‘बलुतं’कार दया पवार आणि शाहीर संभाजी भगत यांचा सहभाग होता. रामकथेकडे दलित दृष्टीने पाहणारे हे गीत आहे.

गिरणी आणि समुद्र

कणकवली तालुक्यातील नांदगावसारख्या गावी बसून हा घटक वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हे सारे मुंबईचे वाटेल. परंतु मुंबईची गिरणी कोकणातल्या चाकरमान्यांनी चालवली. १९८२ च्या संपानंतर तळकोकणातील कितीतरी घरांची मनीऑर्डर थांबली. बंद पडलेल्या गिरणीचा कामगारांनीच ताबा घेतल्याची हकिकत सांगणारा ‘ऑक्युपेशन : मिल वर्कर’ (१९९६) हा लघुपट म्हणूनच इकडचाही आहे. नांदगाव तिठ्यावरून देवगडच्या रस्त्याला लागले की समुद्र येतो. ‘फिशिंग : इन द सी ऑफ ग्रीड’ (१९९८) हा पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक, व्यापारी मासेमारी यांच्यातील संघर्षावरचा चित्रपट. रापण ओढणारे आणि पर्ससीन जाळीवाले यांच्यातील वाद मालवणच्या किनाऱ्यावर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याची पार्श्वभूमी वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

चित्रपट तयार झाला, तरी तो लोकांपर्यंत पोहोचेलच असे नाही. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले चित्रपटही दूरदर्शनने नाकारले, आणि पटवर्धन पुन्हा पुन्हा न्यायालयात गेले. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ (१९९४) चा पहिला भाग सर्वांसाठी, तर दुसरा केवळ प्रौढांसाठी प्रमाणित झाला होता. त्यावरून वाद झाला. कृतीचा विचार सुट्या दृश्यांवरून न करता समग्रतेने करावा, या भूमिकेतून सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रक्षेपणाच्या बाजूने निकाल दिला. अणुचाचण्यांनंतरच्या ‘जंग और अमन’ (२००२) मध्ये परीक्षण मंडळाने सुचवलेली काटछाट मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये अमान्य केली. समग्रतेचा हा निकष साहित्यकृतींवरील खटल्यांनाही लागू पडतो.

अलीकडचा ‘विवेक’ (२०१८) चार तासांहून मोठा आहे. त्याची सर्व प्रकरणे सारखीच बांधीव नाहीत. काही ठिकाणी युक्तिवाद दृश्याच्या पुढे धावतो. त्यानंतरच्या ‘वसुधैव कुटुंबकम्’ (२०२३) चे स्वरूप अगदी निराळे. वृद्ध आईवडिलांचे घरी सहज म्हणून केलेले चित्रण त्यांच्या पश्चात चित्रपट झाले. आई निर्मला पटवर्धन या नामवंत मृत्पात्रकार होत्या.

स्वाध्याय : आपल्या गावातील एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराचे किंवा मच्छीमाराचे त्यांच्या संमतीने अर्धा तास मोबाइलवर चित्रण करा. ते त्यांनाच प्रथम दाखवा. पाहून झाल्यावर त्यांनी काय वगळावे असे सुचवले आणि आपण त्यावर कोणता निर्णय घेतला, ते दोनशे शब्दांत लिहा.