पळसगावचा नायक आणि इटलीतलं सूर्यघड्याळ

परवा मोहोपाड्यात मुलांना सैनिकी पदकांची चित्रं दाखवत होतो. एका मुलीने विचारलं, "काका, यात आपल्या रायगडचं कोणी आहे का?"

आहे ना! नायक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. मराठा लाइट इन्फंट्री.

10 जुलै 1944. इटलीत टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले, उरले एकटे घाडगे. ते सरळ त्या गनवर धावले. ग्रेनेडने ती बंद पाडली. टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता; तेव्हा नळी धरून दस्त्याने लढले. ठाणं जिंकलं, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच कोसळले. वय 22.

मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कबर मात्र सापडलेली नाही; कासिनोच्या स्मारकावर नाव आहे.

2023 मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्यावरचा संदेश. मला हे स्मारक फार आवडतं.

माणगावला त्यांचा पुतळा आहे. गोव्याकडे जाताना दहा मिनिटं थांबा, मुलांना दाखवा.

तुमच्या घरी आजोबा-पणजोबांची पदकं असतील तर कडेवर कोरलेलं नाव आणि नंबर बघा. वाचता आलं नाही तर फोटो पाठवा, मिळून शोधू.