द्राक्षे बोटीने जातात, मग आपण का नाही?



आपल्या निफाड-दिंडोरीची द्राक्षे दरवर्षी न्हावा-शेवा बंदरातून बोटीने युरोपात जातात. शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या कंटेनरमध्ये आठवडेच्या आठवडे प्रवास करून ताजी उतरतात. 2024 च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोटींना आफ्रिकेला वळसा घालावा लागला, तेव्हा त्या वाढलेल्या दिवसांची काळजी आपल्याला लागली. समुद्राशी आपले नाते असे आहे. पण ज्या बायाबापड्यांनी उन्हातान्हात ते घड विरळले, त्यांतल्या किती जणींनी समुद्र डोळ्यांनी पाहिला आहे?

दुसऱ्याचे कशाला सांगू? माझ्याच घरचे सांगतो. मी कृषी विस्तार अधिकारी. गावोगावच्या बांधावर सल्ले देत हिंडलो आणि आमचे चार एकर कांदा-सोयाबीन व दोन गायी सांभाळल्या आमच्या मंडळींनी. लग्नाला सत्तावीस वर्षे झाली, पण बाई माहेरीसुद्धा दोन रात्रींवर राहिली नाही. विचारले की एकच उत्तर : "धार कोण काढणार?"

2021 च्या सप्टेंबरात मुंबईहून 'कॉर्डेलिया एम्प्रेस' ही मोठी प्रवासी बोट सुरू झाली. पूर्वी आपली माणसे आगबोटीने कोकणात जात ती गावाला पोहोचण्यासाठी. ही बोट नुसती विसाव्यासाठी. 2022 च्या एप्रिलअखेर उन्हाळ कांदा चाळीत पडला आणि मी विषय काढला. उत्तर ठरलेलेच आले. मग मी धाकट्या भावाकडे गेलो. म्हणालो, "आपण सावड करू. आमचे आठ दिवस तुम्ही दोघे बघा, तुमचे आठ दिवस आम्ही बघतो." पेरणीला सावड करतो, खुरपणीला करतो, विसाव्याला का करू नये? भावजयीने हसून होकार दिला आणि सत्तावीस वर्षांचा प्रश्न सुटला.

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठली. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर बोट पाहिली आणि मंडळी जागीच थांबल्या. बोटीची लांबी 211 मीटर. एक एकराचा चौकोनी तुकडा साधारण 64 मीटर बाजूचा असतो. असे तीन तुकडे एकापुढे एक मांडले तरी बोट वीसेक मीटर पुढे उरेल. 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेली ही बोट; दीड हजारांहून अधिक उतारूंची तिच्यात सोय.

निघण्यापूर्वी सर्वांना एकत्र बोलावून संकटकाळी कुठे जमायचे, तरंगते जाकीट कसे घालायचे, हे दाखवतात. काही जण कंटाळून मोबाईल बघत होते. मला मात्र 'रामदास' आठवली. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ही आगबोट वाटेत उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. तेव्हा ही दहा-पंधरा मिनिटे मन लावून ऐका. फवारणीच्या औषधावरची सूचना वाचावी, तसेच हे आहे.

पहिल्या रात्री जेवण झाले आणि मंडळी दोघांची ताटे उचलून उभ्या राहिल्या. वाढपी मुलगा धावत आला, "मावशी, राहू द्या." त्या खाली बसल्या, पण हात मांडीवर चुळबुळत राहिले. मला हळूच म्हणाल्या, "गरम पोळी आपल्याला कुणी आणून वाढावी, हे लग्नानंतर पहिल्यांदाच." बंधूंनो, तो घास माझ्या घशाखाली लवकर उतरला नाही. मुलगाही घरापासून कित्येक महिने दूर राहून राबत होता. आपला विसावा कुणाच्या तरी कष्टावर उभा असतो, हे विसरू नये.

बोटीवर करमणूक पुष्कळ. पण माझ्यातला शेतकी पदवीधर पाणी शोधत होता. एवढ्या माणसांना लागणारे पाणी मोठ्या बोटी समुद्राच्याच पाण्यातले मीठ काढून तयार करतात. त्याला इंधन जळते, म्हणून थेंबाला किंमत. कचऱ्याचा आंतरराष्ट्रीय नियमही कडक आहे : प्लॅस्टिक समुद्रात टाकायला पूर्ण बंदी. आपण ठिबकच्या जुन्या नळ्या आणि मल्चिंगचे कागद बांधावर टाकतो, ते आठवून शरम वाटली.

कोचीनंतर लक्षद्वीपचे अगत्ती बेट लागले. मोठी बोट खोल पाण्यात थांबते आणि लहान होड्यांतून बेटावर नेतात. प्रवाळाची पांढरी जमीन, नारळाची झाडे. नदी नाही, डोंगर नाही. तरी विहिरीला गोडे पाणी! कारण असे : पावसाचे पाणी जमिनीत मुरते आणि हलके असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखे तरंगते. साय जपून काढली तर पुरते, जोराचा पंप लावला तर खालचे खारे पाणी वर चढते. म्हणून लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटावर 2005 साली समुद्राचे पाणी गोडे करण्याचा दिवसाला एक लाख लिटरचा प्रकल्प उभारला गेला. आपण बोअरवर बोअर घेतो, पण खाली किती साय उरली आहे याचा हिशेब ठेवतो का?

परतीच्या रात्री आम्ही वरच्या मजल्यावर कठड्याशी बसलो होतो. काळोख, वारा आणि पाण्याचा आवाज. मंडळी म्हणाल्या, "अहो, तुम्ही लोकांना सांगता, एकाच रानात सारखा कांदा घेऊ नका, बेवड बदला, जमिनीला दम घेऊ द्या. मला कधी बेवड दिला का?"

तीस वर्षे मी शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत आलो. या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. मी गप्प बसलो. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "जाऊ द्या. आता भाऊजींच्या सावडीचं लक्षात ठेवा."

आठव्या दिवशी घरी आलो. एका गायीने दोन दिवस दूध चोरले होते, एवढेच. बाकी काही अडले नव्हते. दिवाळीनंतर भाऊ-भावजय पंढरपूर करून पुढे कोकणात गेले आणि त्यांच्या गायींची धार मी काढली. पहिल्या दिवशीच मनगटे भरून आली. मंडळी दारात उभ्या राहून पाहत होत्या. काही बोलल्या नाहीत.

आता ज्यांना असे जायचे असेल, त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी :

1. वेळ पिकावरून ठरवा. उन्हाळ कांदा चाळीत गेल्यावर आणि खरिपाच्या तयारीपूर्वी चार दिवस सापडतात. द्राक्षबागायतदारांनी छाटणीच्या आसपास जाऊ नये. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याचा समुद्र खवळलेला असतो, तो काळ टाळावा.

2. पीककर्जाच्या पैशाने जाऊ नका. दर कांदापट्टीतून थोडे बाजूला काढा. भाड्यात काय धरले आहे ते आधी विचारा. खोली व नेहमीचे जेवण बहुधा धरलेले असते. कर, बंदराचे शुल्क, बेटावरची सफर, इंटरनेट यांचे वेगळे पडू शकतात. बोटीवर जुगाराची खोलीही असते, तिकडे फिरकू नका.

3. बोट लागत असेल तर खालच्या मजल्यावरची, मधली खोली मागा; तिथे हेलकावा कमी बसतो. उलटी वाटली तर उघड्यावर येऊन दूर क्षितिजाकडे पाहावे. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. रक्तदाबाची, साखरेची रोजची औषधे हातातल्या पिशवीत ठेवा.

4. मूळ ओळखपत्र जवळ हवे. लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो. तो कोण काढणार, हे तिकीट घेतानाच विचारा.

एवढा खर्च झेपणार नसेल तरी हरकत नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मार्च 2020 पासून मोठी रो-रो बोट सुरू झाली. तो प्रवास तासाभराचा. मोठी बोट हवीच असे नाही. सावड मात्र हवी.

आज संध्याकाळी धार काढून झाली की घरात एवढेच विचारा : "तुला आठ दिवस मिळाले तर कुठं जाशील?" उत्तर लगेच येणार नाही. इतकी वर्षे कुणी विचारलेच नसेल, तर सुचायलाही वेळ लागतो. थांबा. आणि उत्तर आले की भावाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या दारी जाऊन सावडीचा विषय काढा.