शटर उघडण्याआधीचा पाऊण तास

लालबागच्या बाजारात पहिला चहा उकळायला लागतो, तेव्हा आमच्या दवाखान्याचं शटर अर्धंच वर असतं. पाटीवर वेळ सातची. आत आम्ही चौघं सव्वासहापासून असतो: मी, ड्युटीवरचे डॉक्टर, सफाईच्या मावशी आणि वॉर्डबॉय मामा. अर्ध्या शटरखालून वाकून कुणीतरी विचारतंच, "सिस्टर, चालू झालं का?" विचारणाऱ्याला धाप लागली असेल, रक्त येत असेल, छातीत दुखत असेल, तर त्याला तसाच आत घ्यायचा, तिथे पाटी दाखवायची नाही. पण रोजचा बीपी मोजायला आलेल्या काकांना मी सांगते, "काका, पाऊण तास बसा." ते बसतात, पण आत एवढा वेळ काय चालतं हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर असतो. त्याचं हे उत्तर.

आमच्या भागाला मोठ्या रुग्णालयांची सवय आहे. केईएम 1926 सालचं, नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह त्याच वर्षीचं, मुलांचं बाई जेरबाई वाडिया 1929 चं, टाटा मेमोरियल 1941 चं. सगळी परळच्या हद्दीत, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरची 29 सप्टेंबर 2017 ची चेंगराचेंगरी असो की त्याच वर्षी डिसेंबरात कमला मिलमध्ये लागलेली आग, जखमींना घेऊन गाड्या केईएमकडे धावल्या. अशा शेजारात छोट्या दवाखान्याचं काम काय? टाके, वाफ, इंजेक्शन, ईसीजी, कुत्रा चावल्यावरची लस, आणि मोठ्या रुग्णालयात पोचण्याआधीची पहिली दहा मिनिटं. महापालिकेने नोव्हेंबर 2022 पासून 'आपला दवाखाना' सुरू केले, त्यांतले काही रात्री दहापर्यंत उघडे असतात, तेही याच विचाराने: साध्या दुखण्याला केईएमच्या रांगेत उभं राहायला लागू नये.

पण एक फरक लोकांच्या लक्षात येत नाही. केईएमची कॅज्युअल्टी कधी बंदच होत नाही. तिथे एक पाळी दुसऱ्या पाळीच्या हातात सामान देते. आमचा दवाखाना रात्री बंद होतो, आणि बंद खोलीतल्या वस्तू रात्रभर जशाच्या तशा राहत नाहीत. ऑक्सिजन सिलिंडरचा वॉल्व्ह किंचित सैल राहिला तर सकाळपर्यंत गॅस गेलेला असतो. वीज जाऊन परत येते, फ्रिजचा पारा चढून उतरतो, आणि सकाळी फ्रिज साळसूदपणे थंड असतो. उपकरणातला सेल उतरतो. म्हणून तपासणीच्या रजिस्टरातली कालची सही आज चालत नाही.

सुरुवात ऑक्सिजनपासून. काळा सिलिंडर, पांढरा खांदा. आमच्याकडे बी टाइपचे दोन आहेत. भरलेल्या एकात साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो, आणि तेव्हा गेजचा काटा 150 च्या आसपास उभा असतो. दम्याच्या पेशंटला मिनिटाला 10 लिटर लावला तर तो अडीच तास पुरतो. काटा 50 वर असेल तर आत 500 लिटर, म्हणजे पन्नास मिनिटं. लालबागच्या भारतमाता सिनेमापासून केईएमपर्यंत अंतर थोडं, पण गणपतीच्या दिवसांत त्या थोड्या अंतराला किती वेळ लागतो हे लालबागकराला सांगायला नको. म्हणून काटा 50 च्या खाली गेला की तो सिलिंडर आमच्या हिशेबी रिकामा. मामा वॉल्व्ह उघडतात, फ्लोमीटरची गोळी वर उठते का पाहतात, नळीच्या टोकाशी हाताची पाठ धरून हवा लागते का बघतात, मग बंद करतात. ह्युमिडिफायरच्या बाटलीतलं पाणी रोज बदलायचं. आणि दिवाळीत एक जादा नियम: अभ्यंगस्नान करून आलेल्या माणसाने साबणाने हात धुतल्याशिवाय सिलिंडरला हात लावायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की भडका उडू शकतो.

सिलिंडरच्या गळ्यात एक चावी दोरीने बांधलेली आहे. तिची गोष्ट सांगते. मी नवी असताना एका छोट्या रुग्णालयात रात्रपाळीला होते. आठ-नऊ वर्षांचा मुलगा दम्याने निळा पडत आला. सिलिंडर भरलेला होता, रजिस्टरमध्ये संध्याकाळची सही होती, आणि वॉल्व्ह उघडायची चावी जागेवर नव्हती. कुणीतरी वरच्या मजल्यावर नेली होती. ती येईपर्यंत मी त्या मुलाच्या आईच्या डोळ्यांकडे पाहू शकले नाही. मुलगा वाचला. सही करणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं. त्याने सिलिंडर पाहिला होता, उघडून मात्र पाहिला नव्हता. पाहणं आणि तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या रात्री शिकले. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात चावी बांधलेली असते आणि सही सगळ्यात शेवटी होते.

तसंच इमर्जन्सी ट्रॉलीचं. लॅरिंगोस्कोप, म्हणजे घशात उजेड पाडून श्वासनळीत नळी घालायचं साधन, रोज पातं उघडून दिवा लावून बघायचा. दिवा पिवळट वाटला तर सेल तिथल्या तिथे बदलायचे. श्वास देण्याची अँबू बॅग तळहाताने तोंड बंद करून दाबायची. ती हाताला प्रतिकार करत नसेल तर कुठेतरी गळते आहे. सक्शन चालू करून नळीने वाटीभर पाणी ओढून बघायचं. हृदयाला शॉक देणारा डिफिब्रिलेटर स्वतःची चाचणी करतो, पण त्याच्या पॅडची तारीख माणसालाच वाचावी लागते. अ‍ॅड्रिनलिनच्या अँप्यूल मोजायच्या, तारीख मोठ्याने वाचायची. एकसारख्या दिसणाऱ्या दोन अँप्यूल एका कप्प्यात ठेवायच्या नाहीत. तपासून झालं की ट्रॉलीला नंबराचं सील. सील तुटलेलं दिसलं तर कुणी काय काढलं याचा शोध त्याच वेळी घ्यायचा.

हे सगळं अति वाटतं का? मग परळमध्येच भरलेल्या एका बाटलीची गोष्ट ऐका. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी 1897 मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली. तिथून लशीच्या बाटल्या देशभर जात. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी 107 जणांना लस टोचली. त्यांतल्या 19 जणांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. ते सगळे 19 जण धनुर्वाताने गेले. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं. पुढे पुराव्यांची नीट छाननी झाली तेव्हा समोर आलं ते इतकंच: मलकोवालला बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो धड निर्जंतुक न करताच वापरला गेला. जुलै 1907 मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिन यांच्या बाजूने पत्र लिहिलं आणि त्यांच्यावरचा कलंक पुसला गेला. 1925 मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. जगातला एक थोर शास्त्रज्ञ पाच वर्षं बदनाम राहिला आणि 19 घरं उजाड झाली, ती जमिनीवर पडलेल्या एका चिमट्यापायी.

म्हणून खाली पडलेलं हत्यार उचलून पुसून परत ट्रेमध्ये ठेवणाऱ्याला मी माफ करत नाही. बाकी चुका समजावून सांगते, ही नाही. ऑटोक्लेव्हमधून आलेल्या प्रत्येक पुड्यावरची पट्टी काळी पडली आहे का, हे उघडण्याआधी पाहायचं. पुडा ओलसर असेल तर परत पाठवायचा. मावशींचं काम याच तोडीचं आहे. जंतुनाशक हायपोचं एक टक्क्याचं द्रावण रोज सकाळी ताजं करायचं, पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी, आणि बाटलीवर तारीख-वेळ लिहायची, कारण ते दिवसागणिक निकामी होतं. लादी आतून दाराकडे पुसत यायची. कचऱ्याच्या पिवळ्या आणि लाल पिशव्या, निळ्या खुणेचा खोका, सुयांचा पांढरा डबा जागेवर हवा. सुयांचा डबा तीन चतुर्थांश भरला की बदलायचा, कारण गच्च भरलेल्या डब्यातली सुई सगळ्यात आधी मावशींच्याच हातात जाते.

लशींचा फ्रिज 2 ते 8 अंशांत हवा. पारा सकाळ-संध्याकाळ लिहायचा. लोकांना वाटतं, जास्त थंड म्हणजे जास्त चांगलं. धनुर्वाताची लस गोठली की ती फुकट गेली. पेशंटला टोचल्याचं समाधान मिळतं, संरक्षण नाही. त्या फ्रिजमध्ये कुणाचाही डबा, दही, पाण्याची बाटली ठेवायची नाही. दर वेळी दार उघडलं की आतला थंडावा बाहेर जातो.

पावसाळ्यात यादी वाढते. हिंदमाता चौकात पाणी भरलं की आमच्याही पायरीपर्यंत येतं. आदल्या रात्री भरतीची वेळ पाहून मामा यूपीएस आणि औषधांचे खोके वर उचलून ठेवतात. साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांच्या पायांवर जखम आहे का ते आधी बघतो. लेप्टोस्पायरोसिसची प्रतिबंधक गोळी डॉक्टर तपासून देतात, आणि ती पाण्यातून चालल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाली तर उपयोगाची, म्हणून तिचा साठा जूनच्या आधी मोजायचा.

सातला पाच कमी असताना आम्ही चौघं उभ्या उभ्याच बोलतो. आज काय बिघडलं आहे, कोणतं औषध संपत आलं आहे, कोण रजेवर आहे, कुठे मिरवणूक आहे, 108 ची गाडी कोणत्या गल्लीतून आत येऊ शकेल. डॉक्टर आणि मावशी दोघांनी बोलायचं, आणि मावशींनी आधी. गेल्या उन्हाळ्यात मागच्या दाराला कुणीतरी खोके रचून ठेवले आहेत, हे त्यांनीच सांगितलं होतं. आग लागली असती तर बाहेर पडायचा तोच दुसरा रस्ता. एखादी मोठी वस्तू बंद असेल, समजा ऑक्सिजनच, तर ती गोष्ट लपवायची नाही. दारावर कागद लावायचा आणि धाप लागलेला पेशंट आला तर त्याला एक मिनिटही न बसवता केईएमला धाडायचं. अर्धवट तयारीवर पूर्ण दवाखाना असल्याचा आव आणणं यापेक्षा मोठा धोका नाही.

आता दिवाळीचं. त्या चार दिवसांत आमच्या ट्रॉलीवर सलाइनच्या बाटल्या आणि भाजल्याचं ड्रेसिंग दुप्पट असतं. घरी कुणी फटाक्याने भाजलंच, तर नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली तो भाग वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. अंगठी-बांगडी सूज यायच्या आत काढा आणि मग या. डोळ्याला लागलं असेल तर चोळू नका. आणि येताना तुमची दुचाकी आमच्या दारासमोर लावू नका. आमचा दरवाजा साडेतीन फुटांचा आहे, आणि स्ट्रेचर त्यातूनच बाहेर काढावा लागतो.