दहावीनंतर सुटलेली चित्रकला पुन्हा सुरू करायची आहे? रोजचा सराव कसा टिकतो, समजून घ्या

एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली. दहावीच्या निकालात त्याचे वाढीव गुण मिळाले आणि चित्रकलेची वही माळ्यावर गेली. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये शिकलेल्या अनेकांचा चित्रकलेशी असलेला संबंध इथेच संपतो.

पुढे पंचविशीत किंवा चाळिशीत पुन्हा हुरूप येतो. जाड स्केचबुक, २४ रंगांचा बॉक्स, ब्रशचा सेट अशी खरेदी होते. पहिल्या आठवड्यात चार चित्रं होतात, दुसऱ्या आठवड्यात एक आणि मग वही बंद. ‘आता आपल्या हातात ती कला राहिली नाही,’ असं म्हणून विषय संपवला जातो.

पण प्रश्न खरंच हाताचा असतो का? बहुतेक वेळा सराव सुटतो तो त्याच्या आखणीमुळे. ही आखणी कशी करायची आणि नोकरी, घर सांभाळून ती टिकवायची कशी, हे पाहूया.

सराव सुटतो का?

शाळा सोडल्यापासून आपण हजारो फोटो, चित्रं, सिनेमे पाहिलेले असतात. त्यातून नजर तयार होत जाते, हात मात्र दहावीतच थांबलेला असतो. त्यामुळे काढलेलं चित्र चुकलंय हे लगेच कळतं, पण ते नेमकं कुठे चुकलं हे कळत नाही. सुरुवातीची निराशा यातून येते.

दुसरं कारण अमेरिकन कलाशिक्षिका बेटी एडवर्ड्स यांनी ‘ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन’ या १९७९ च्या पुस्तकात मांडलं आहे. आपण समोर दिसतं ते काढत नाही, डोक्यात साठवलेली खूण काढतो. डोळा म्हटलं की बदामाचा आकार आणि मध्ये गोल. झाड म्हटलं की सरळ खोड आणि वर ढगासारखा पुंजका. स्मरणचित्रासाठी घोटून घेतलेली बसस्टॉपवरची माणसं आठवून पाहा, म्हणजे मुद्दा लक्षात येईल.

यावर त्यांनी सुचवलेला उपाय सोपा आहे. एखादं रेखाचित्र उलटं ठेवायचं आणि तसंच उलटं उतरवून काढायचं. उलट्या चित्रात नाक हे नाक म्हणून चटकन ओळखू येत नाही, त्यामुळे हात नाइलाजाने रेषेच्या मागे जातो. मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजूंबद्दल त्यांनी केलेली मांडणी पुढे वादात सापडली, पण हा व्यायाम आजही शिकवला जातो.

२१ दिवसांत सवय लागते का?

‘२१ दिवस करा, सवय लागेल’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. त्याचं मूळ प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० च्या पुस्तकात सापडतं. त्यांनी नोंदवलेलं निरीक्षण रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला लागणाऱ्या काळाबद्दल होतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधक फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला. रोज ठरावीक वेळी फळ खाणं, पाणी पिणं, व्यायाम करणं अशा सवयी त्यात होत्या. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ साधारण ६६ दिवसांच्या आसपास निघाला. पण माणसामाणसांत फरक मोठा होता. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला.

हा अभ्यास चित्रकलेवर नव्हता. तरीही त्यातल्या दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. एक, नवी सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडली होती. दुसरी, मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

म्हणून ‘रोज रात्री वेळ मिळाला की’ असं ठरवू नका. ‘सकाळचा चहा झाला की त्याच टेबलावर’ असं ठरवा. आणि मंगळवार चुकला तर बुधवारी दोन चित्रं काढून भरपाई करू नका. बुधवारचं एकच काढा.

रोज किती वेळ आणि कशाचं चित्र?

सुरुवातीला १५ मिनिटं पुरेत. एका बैठकीत एकच गोष्ट शिकायची, एवढा नियम पाळा. आठवडा असा आखता येईल:

- सोमवार, मंगळवार: बाह्यरेषा. कागदाकडे न बघता फक्त वस्तूकडे बघत तिच्या कडेवरून नजर सावकाश फिरवा आणि पेन्सिलही तेवढ्याच वेगाने चालवा. चित्र वेडंवाकडं येणारच. इथे सराव बघण्याचा आहे.
- बुधवार: प्रमाण. हात कोपरातून सरळ ठेवून पेन्सिल समोर धरा, एक डोळा मिटा आणि वस्तूची उंची-रुंदी मोजा. कोपर वाकलं की डोळा आणि पेन्सिल यांतलं अंतर बदलतं आणि माप चुकतं.
- गुरुवार: छायाप्रकाश. खिडकीजवळ वाटी किंवा बटाटा ठेवा. डोळे बारीक केले की बारकावे पुसले जातात आणि उजेड, मधली छटा, सावली असे तीनच भाग उरतात. तेवढेच काढा.
- शुक्रवार: हालचाल. घरातल्या माणसांची ३० सेकंद ते दोन मिनिटांची झटपट रेखाटनं. चेहरा सोडून द्या, पाठीचा बाक आणि शरीराचा तोल पकडा.
- शनिवार: रंग.
- रविवार: घराबाहेर. जमलं नाही तर सुट्टी.

विषय शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून यादी आधीच करून ठेवा. कुकर, चपला, दोरीवरचे कपडे, खिडकीतली कुंडी. पंधरा मिनिटांपैकी दहा मिनिटं ‘काय काढू?’ यातच गेली, तर तो सराव महिनाभरही टिकत नाही.

साहित्य किती घ्यायचं?

एचबी, २बी आणि ६बी अशा तीन पेन्सिली, खोडरबर आणि एक साधी वही. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे खरं तर ग्राफाइट आणि चिकणमाती यांचं मिश्रण. ग्राफाइट जास्त असलं की पेन्सिल मऊ आणि गडद होते. म्हणून ६बीने सावली सहज भरते, तर एचबीने आखणी स्वच्छ येते.

वही स्वस्त असलेली बरी. महागड्या वहीचं पान खराब होईल या भीतीने हात आखडतो.

जलरंगांचं गणित वेगळं का?

इथे मात्र कागदावर पैसे वाचवू नका. पातळ कागद पाणी शोषून फुगतो, त्याला लाटा येतात आणि रंग खोलगट भागात जाऊन साचतो. म्हणून जलरंगांसाठी साधारण ३०० जीएसएमचा कागद सुचवला जातो. मोठा कागद घेऊन त्याचे पोस्टकार्डाएवढे तुकडे केले तर खर्चही आटोक्यात राहतो.

रंगांचं उलट आहे. सुरुवातीला दोनच ट्यूब घ्या: अल्ट्रामरिन ब्लू आणि बर्न्ट सिएना. एक थंड निळा, दुसरा उबदार तपकिरी. दोन्ही मिसळले की सुंदर राखाडी आणि जवळपास काळा रंग मिळतो. रंगसंगतीची चिंता बाजूला राहते आणि पाणी किती, रंग किती हे हाताला कळू लागतं.

जलरंग पारदर्शक असतो, त्यामुळे फिकटाकडून गडदाकडे जावं लागतं. पांढरा भाग म्हणजे न रंगवलेला कागद, तो आधीच राखून ठेवायचा. आणि ओला रंग वाळला की फिकट होतो, हे गृहीत धरायचं.

फोटोवरून काढलं तर चालेल का?

चालेल, पण फक्त फोटोवरून नको. फोटोत कॅमेऱ्याने खोलीचं सपाट चित्र आधीच केलेलं असतं आणि चौकटही निवडलेली असते. समोर बसून काढताना हे दोन्ही निर्णय तुम्हाला घ्यावे लागतात, आणि शिक्षण तिथे होतं.

बाहेर एकट्याने बसायला संकोच वाटतो. अशा वेळी गट मदतीला येतो. सिएटलमधले पत्रकार आणि चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारियो यांनी २००७ मध्ये सुरू केलेला ‘अर्बन स्केचर्स’ हा उपक्रम आज जगभर पसरला आहे. प्रत्यक्ष जागेवर बसून, बघून काढायचं, हे त्याचं मुख्य सूत्र. मुंबई-पुण्यातही असे गट आहेत.

आता उशीर झालाय का?

रवींद्रनाथ टागोरांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. हस्तलिखितात खोडलेल्या ओळी जोडता जोडता त्यांना आकार दिसू लागले आणि साठी ओलांडल्यावर ते चित्रांकडे गंभीरपणे वळले. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं. त्यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक चित्रं आहेत. त्यांची प्रतिभा असाधारण होती हे खरं, पण त्यांची सुरुवातही खाडाखोडीतूनच झाली.

प्रगती मोजायची कशी?

सोशल मीडियावरच्या लाइक्सवरून नक्कीच नाही. प्रत्येक पानावर तारीख घाला, एकही पान फाडू नका आणि पहिले दोन महिने वही कुणाला दाखवलीच पाहिजे असं बंधन ठेवू नका. दर महिन्याच्या एक तारखेला तीच एक वस्तू, समजा घरातला स्टीलचा तांब्या, पुन्हा काढा.

तीन महिन्यांनी हे तांबे शेजारी ठेवून पाहा. काठाची लंबगोल रेषा सुधारली का? सावली योग्य बाजूला पडली का? जिथे उत्तर ‘नाही’ असेल, तो पुढच्या महिन्याचा अभ्यास. इंटरमिजिएटच्या वेळी हे ड्रॉइंगचे सर सांगायचे, आता ते तुमची वही सांगेल. मात्र त्यासाठी तिच्यात फसलेली पानंही असायला हवीत.